भवानीचं गिऱ्हाईक

हा लेख खरं तर मी इंग्लिश सेक्शनसाठी लिहिणार होतो. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये घासून निघालेला माणूस मी. मराठी निबंध म्हटलं की अजून तळहाताला घाम सुटतो. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका! पण लिहायला बसलो आणि दुसऱ्याच पानावर गाडी अडली. एका शब्दाला इंग्लिश शब्द सापडेना. तो शब्द म्हणजे ‘भवानी’. देवी भवानी नव्हे, दुकानदाराची भवानी. दिवसातली पहिली विक्री. डिक्शनरी पाहिली, मोबाईल पाहिला, रूम पार्टनरला विचारलं. तो म्हणाला, “फर्स्ट सेल लिही आणि झोप.” लिहून पाहिलं. पण कपाळाला लावलेली नोट काही त्यात बसेना. शेवटी कागद फाडला आणि मराठी विभागाच्या संपादकांसमोर जाऊन उभा राहिलो. शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी सुधारल्या आहेत. बाकीच्या चुका माझ्या.

तर गोष्ट बँकॉकची.

थांबा, थांबा! हा शब्द ऐकला की बॉइज हॉस्टेलमध्ये चेहऱ्यांवर काय हसू फुटतं ते मला माहीत आहे. ही बातमी फुटली तेव्हा तीन दिवस माझ्या रूमवर जत्रा भरली होती. त्या सगळ्यांची घोर निराशा केल्याबद्दल इथे जाहीर माफी मागतो. मी बँकॉकला गेलो तो पप्पांबरोबर. आणि पप्पांबरोबर होते नाशिक, धुळे, जळगावकडचे चाळीस खत-बियाणे विक्रेते. सरासरी वय पन्नास. रोज रात्री साडेनऊला सगळे झोपायचे.

त्याचं असं, की दिंडोरी तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. खत-औषधांच्या कंपन्या डीलर लोकांना स्कीम देतात. अमुक इतका माल उचला आणि तमुक ठिकाणची ट्रिप मिळवा. पप्पांनी दोन वर्षं माल उचलला आणि दोन तिकिटं मिळवली. दुसरं तिकीट अर्थातच आईचं. पण आईने साफ सांगितलं, “द्राक्षाच्या ऐन हंगामात घर टाकून मी विमानात बसू? तुम्हीच जा.” पासपोर्ट काढलेला असा घरात दुसरा मीच. एम.एस.ची स्वप्नं पडायला लागली तेव्हा हौसेने काढून ठेवला होता, त्यावर एकही शिक्का नव्हता. अशा रीतीने २०२५ च्या जानेवारीत, सेमिस्टर संपल्यावर, माझी ‘फॉरेन टूर’ झाली.

ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या बॅगेत निम्मे कपडे आणि निम्मा चिवडा होता. एका काकांनी मिरचीचा ठेचा इतका नीट पॅक केला होता की कस्टमवाले तो बराच वेळ हातात धरून बघत होते. आमच्या थाई गाईडचं नाव कुणालाच उच्चारता येईना म्हणून दुसऱ्या दिवशी सर्वानुमते त्याचं ‘राजूभाऊ’ झालं. त्याला मोडकं हिंदी येत होतं. “चलो चलो, जल्दी जल्दी” एवढ्यावर त्याने चार दिवस आम्हाला हाकलं.

शनिवारी राजूभाऊ म्हणाला, “आज मार्केट. बहोत बडा मार्केट.” पप्पा म्हणाले, “बडा म्हणजे किती? आपल्या पिंपळगावच्या कांदा मार्केटएवढा?” राजूभाऊ नुसता हसला.

चतुचक त्या बाजाराचं नाव. तिथले लोक उच्चार ‘जतुजाक’सारखा करतात, म्हणून परदेशी माणसांनी त्याचं ‘जेजे मार्केट’ करून टाकलंय. भरतो मुख्यतः शनिवारी आणि रविवारी, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. आठ हजारांहून जास्त गाळे, सत्तावीस विभाग. सुट्टीच्या एका दिवसात दोन लाखांच्या आसपास माणूस तिथे येऊन जातो म्हणे. मो चित नावाचं लोकलचं स्टेशन आहे, ते उन्नत मार्गावर. त्याच्या जिन्यावरून खाली उतरणारी माणसं पाहिली आणि मला सप्तशृंगगडाची चैत्रातली यात्रा आठवली. फक्त इथे नारळ देवीला फोडायचा नव्हता. करवंटीत आईस्क्रीम घालून विकायला ठेवला होता.

बाजार मुळात इथला नाही. १९४० च्या दशकात तिथल्या सरकारने ठरवलं की प्रत्येक प्रांतात एक तरी बाजार हवा. बँकॉकचा बाजार बरीच वर्षं राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग नावाच्या मैदानावर भरायचा. १९८२ मध्ये बँकॉक राजधानी होऊन दोनशे वर्षं झाली, त्या सोहळ्याच्या सुमाराला बाजार तिथून हलवून शहराच्या उत्तरेला, रेल्वेच्या जागेवर आणला. नाव मिळालं शेजारच्या बागेचं. राजे भूमिबोल १९७५ मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले, तेव्हाची ती बाग. थाई लोक वय बारा-बारा वर्षांच्या फेऱ्यांत मोजतात. अठ्ठेचाळीस म्हणजे चार फेरे. चार चक्रं. चतुर् अधिक चक्र, चतुचक! दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत घेतल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे आपल्या सिंहस्थासारखंच की. बारा वर्षांनी.” खरंच की! २०१५ नंतर आता २०२७. नाशिकच्या माणसाला बारा वर्षांचा फेरा कुणी समजावून सांगायला नको.

आम्ही बरोबर नऊला पोचलो. उन्हाच्या आत खरेदी उरकायची म्हणून राजूभाऊने सगळ्यांना पहाटेच उठवलं होतं. बाजाराच्या मधोमध एक घड्याळाचा मनोरा आहे, १९८७ सालचा. “खो गया तो घडी के नीचे,” राजूभाऊ म्हणाला आणि चाळीस डीलर चाळीस दिशांना पांगले.

मी सिव्हिलचा. त्यामुळे आधी नकाशाच बघत बसलो. बाहेरून गोल रस्ता, आत बोळ. बोळांना ओळीने नंबर, विभागांना नंबर, गाळ्यांना नंबर. वर पत्रा. बोळ इतके अरुंद की समोरून दोन माणसं आली की एकाने आडवं व्हायचं. कपडे, चिनी मातीची भांडी, जुनी नाणी, झाडं, मासे, ससे, बुद्धाच्या मूर्ती, कोल्हापुरीच्या मावसबहिणी शोभतील अशा चपला. मध्येच कोळंबी तळल्याचा वास, की आमच्या ग्रुपमधले शनिवारचे उपासवाले नाकाला रुमाल लावून पळत सुटायचे. पप्पा झाडांच्या विभागात घुसले आणि ऑर्किडच्या कुंडीत बोट घालून “खत कोणतं वापरता?” असं एका माणसाला मराठीत विचारू लागले. गंमत म्हणजे त्याने पोतं उघडून दाखवलं!

भाव करायची पद्धत मला फार आवडली. दोन शब्द मी हॉटेलातच पाठ केले होते. ‘थाव राय?’ म्हणजे केवढ्याला, आणि ‘लोत दाय माय?’ म्हणजे कमी होईल का. पुढचं सगळं कॅल्क्युलेटरवर. ती आकडा दाबणार, आपण पुसून आपला आकडा दाबायचा. भाषा नको, काही नको. इथे मला एक कबुली द्यायची आहे. नाशिकच्या बाजारात मी कधीच भाव केला नाही, कारण मला मराठी आकडे धड येत नाहीत. ‘पाऊणशे’ म्हटलं की मी मनात अजून भागाकार करतो. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत तर मी सेकंड इयरलासुद्धा गडबडलोय. बँकॉकमध्ये कॅल्क्युलेटरने माझी अब्रू वाचवली. आपण जन्मजात व्यापारी आहोत असं वाटायला लागलं!

मला आजीसाठी काहीतरी घ्यायचं होतं. एका बोळाच्या तोंडाशी एक म्हातारी बाई कापडी पाकिटं मांडत होती. हत्तीची नक्षी, वर चेन. आजीच्या कमरेला कायम एक चंची असते, तिची नाडी तुटायला आली होती. म्हटलं, हे बरं. थाव राय? तिने दाबलं एकशे ऐंशी. मी दाबलं ऐंशी. ती हसली, दीडशे. मी नव्वद. तिने मान हलवली. मी आपला नेहमीचा, म्हणजे दुसऱ्यांना करताना पाहिलेला, डाव टाकला आणि चालायला लागलो. चार पावलं गेलो नाही तोच तिने हाक मारली. कॅल्क्युलेटरवर शंभर. एक बाथ म्हणजे साधारण अडीच रुपये. घरबसल्या दोनशे रुपये वाचवले. मी विजयी वीरासारखी लाल रंगाची शंभर बाथची नोट तिच्या हातावर ठेवली.

आणि तिने काय केलं, तर ती नोट दोन बोटांत धरली आणि मांडलेल्या एकेका पाकिटाला हळूच लावत गेली. टप्, टप्, टप्. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओठांत काहीतरी पुटपुटत. मग नोट ठेवून दिली आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

राजूभाऊ तिथेच ज्यूस पीत उभा होता. तो म्हणाला, “फर्स्ट कस्टमर. लकी. पूरा दिन अच्छा बिकेगा.”

माझ्या मागे पप्पा कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. ते एकच शब्द बोलले. “भवानी.”

मग थोड्या वेळाने म्हणाले, “आई अशीच लावायची. आधी कपाळाला, मग काट्याला, मग मेथीला.” आणि आणखी थोड्या वेळाने, “भवानीचं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही रे. म्हणून तिने दिलं तुला. तू जिंकलास असं समजू नकोस.”

त्यानंतर तो बाजार मी नीट पाहिलाच नाही. घड्याळाखाली जाऊन बसलो. नारळाचं आईस्क्रीम हातात वितळत होतं आणि डोक्यात वेगळाच बाजार भरला होता.

तो बाजार म्हणजे आपला गंगेवरचा. हॉस्टेलमधल्या बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो, नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. दर बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, गाडगे महाराज पुलाच्या आसपास, पात्राच्या कडेने गोणपाटं पसरलेली असतात. वर पत्रा नाही, गाळ्याला नंबर नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला? पूर आला की बाजार उठला. २००८, २०१६, २०१९... पुराची ही सालं आजीला तोंडपाठ आहेत. कारण ते बुधवार बुडाले.

माझी आजी त्या बाजारात सव्वीस वर्षं बसली. आजोबा गेले तेव्हा पप्पा सातवीत होते. मंगळवारी संध्याकाळी मेथी-कोथिंबीर उपटायची, जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. बुधवारी पहाटेच्या एसटीने निमाणीला उतरायचं आणि तिथून डोक्यावर ओझं घेऊन गंगेवर. त्या मेथीवर पप्पांचं शिक्षण झालं. पुढे दुकान झालं, आणि दुकानावर माझं कॉन्व्हेंट. शाळेसाठी मी पंचवटीत आत्याकडे राहायचो. आजी बाजार उठल्यावर उरलेली भाजी घेऊन आत्याकडे यायची, माझ्या हातात पेरू ठेवायची आणि शेवटच्या एसटीने गावी जायची.

आता जे सांगणार आहे ते मी सात वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आठवीत होतो. २०१८ चा डिसेंबर. ख्रिसमसच्या सुट्टीआधीचे दिवस. शाळेत कॅरल्स झाली, केक खाल्ला आणि अकराला सोडून दिलं. दोन मित्र म्हणाले, चल गंगेवरून जाऊ. दोघेही कॉलेज रोडचे, गाडीतून शाळेत येणारे. त्यांना बाजार बघायचा होता, जसा आम्ही चतुचक बघायला गेलो तसा. बुधवार आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या दिवशी एसटी वाटेत बंद पडली होती म्हणे. आजी उशिरा पोचली होती आणि नुकतंच गोणपाट अंथरून बसली होती. तिने मला लांबूनच पाहिलं.

“ए बाळ्या!”

तिचा आवाज कसा आहे ते सांगायला नको. सव्वीस वर्षं बाजारात कमावलेला आवाज. घाटावरची निम्मी माणसं वळून बघायला लागली. मित्राने विचारलं, “हू इज शी?”

मी म्हणालो, “गावाकडची भाजीवाली आहे. वी बाय फ्रॉम हर.”

खोटं बोलायला मला इंग्लिशचा आधार घ्यावासा वाटला. आजीला इंग्लिश येत नाही. पण ‘भाजीवाली’ हा शब्द काही इंग्लिश नाही.

आता मागे फिरणं कठीण होतं. खोटं खरं करण्यासाठी मी पुढे झालो, हिरव्या हरभऱ्याची एक जुडी उचलली आणि “कितीला?” असं विचारलं. आजीने माझ्याकडे पाहिलं. मग मित्रांकडे. म्हणाली, “दहा रुपय.” मी दहाची नवी चॉकलेटी नोट काढून दिली. तिने ती घेतली, कपाळाला लावली, काट्याला लावली, मेथीच्या जुड्यांना लावली. आणि म्हणाली, “भवानी झाली. येत जा, दादा.”

दादा. ज्या शब्दाने ती कुठल्याही गिऱ्हाइकाला हाक मारते, तो शब्द.

हरभरा मित्रांनी खाल्ला. संध्याकाळी आजी आत्याकडे आली, पेरू दिला, चहा प्यायली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. एक अक्षर बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, बाजार बंद झाला. परत सुरू झाला तोवर आजीचे गुडघे गेले होते. ती पुन्हा गंगेवर बसली नाही. म्हणजे माफी मागायची जागाही गेली. मीही स्वतःला समजावलं, की ती विसरली असेल.

आणि चार तास विमानात बसून परमुलखात गेलो, तर तिथल्या एका अनोळखी म्हातारीने तीच नोट माझ्यासमोर धरली. टप्, टप्, टप्.

घरी आल्यावर आजीला पाकीट दिलं. तिने चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. “नाडीच बरी बाबा. चेन अडकली तर पैसं आतच,” म्हणाली आणि त्यात गुडघ्याच्या गोळ्या भरून टाकल्या. मग मी तिला फोटो दाखवायला लागलो. घड्याळाचा मनोरा, बोळ, नकाशा. तिला मनोऱ्यात काही रस दिसला नाही. तिने फोटो बोटाने मोठा केला आणि पाकिटवाल्या म्हातारीकडे बघत बसली.

“वर पत्रा हाय का गं बाई... म्हंजी ऊन न्हाय लागत.”

“नाही लागत.”

“बसायला काय हाय?”

“स्टूल.”

“बरं हाय. आन् मोरी?”

“मोरी?”

“बायांना जायाला रं. दिसभर बसत्यात ना?”

होती. पैसे देऊन जायची स्वच्छतागृहं होती, मी स्वतः जाऊन आलो होतो. तसं सांगितलं. आजीने मान डोलावली. “तेवढं बरं हाय. मी बुधवारी पहाटं च्या प्यायची, त्यो प्यायची. सांजंला आत्याच्या घरी येईस्तोवर पाण्याचा घोट घेत नव्हते.”

“का?”

“का म्हंजी? बाईमाणसानं जायाचं कुठं?”

सेप्टिक टँकचं डिझाईन मला येतं. माणशी किती लिटर, किती दिवसांचा साठा, किती वर्षांनी उपसायचा. सबमिशनच्या फाईलमध्ये माझी शीट सगळ्यांनी छापून घेतलीय. त्या ‘माणशी’मध्ये आपली आजी असते, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आणि मी सात वर्षं तिच्या हातचे पेरू खाऊनही तिला कधी विचारलं नव्हतं, की तू दिवसभर तिथे बसतेस कशी? बाजार मी कायम उभा राहून पाहिला होता. बसणाऱ्याच्या बाजूने बाजार कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. आत्याकडे आल्या आल्या ती तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायची, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मला वाटायचं, तिला तशी सवय आहे.

त्या रात्री ओट्यावर मी तिला हरभऱ्याचं सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. मराठी वाक्यं जुळवत, मध्येच अडखळत. “आजी, तेव्हा मी मित्रांना म्हणालो की तू...” इथपर्यंत आलो आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना.

“भाजीवाली,” आजीनेच पुरा केला. “मंग? व्हतेच की. काय खोटं बोलला तू?”

“पण मी पैसे दिले तुला.”

“म्हनून तर लक्षात हाय.” आजी हसायला लागली. “एसटी मेली बंद पडली व्हती, वखत झाला व्हता. म्हटलं, आज माल आंगावर पडतो. तर पैली नोट नातवाच्या हातची! दोनाला समदा माल खपला बघ त्या दिवशी. पेरू कुठनं आनला मंग तुला?”

मी गप्प. तीही थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “वाईट वाटलं व्हतं. न्हाय कसं वाटंल? पर मी म्हटलं, लेकरू हाय. त्याला लाज वाटती म्हंजी त्याची शाळा चांगली चालली.”

हे वाक्य तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. पण ते असं लागलं की काय सांगू.

झोपायला जाताना ती म्हणाली, “माझ्या जागेवर आता वरच्या आळीची सून बसती. पोरगी चांगली हाय. एखाद्या बुधवारी लवकर जा. भवानी कर. आन् भाव करू नको.”

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी पहिलं लेक्चर बुडवलं. (ज्या सरांचं होतं ते हे वाचतीलच. सर, कारण आता कळलंच असेल.) सकाळी सातला गंगेवर पोचलो. पाण्यावर धुकं होतं. बायका एसटीतून उतरून ओझी उतरवत होत्या. गोणपाटं अंथरायची गडबड चालली होती. आजीने सांगितलेल्या खुणेवर एक तिशीतली बाई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती.

“मेथी केवढ्याला?”

“पंधराला एक. चार घेतल्या तर पन्नास.”

“बारा द्या.”

बाराचं ऐकून तिने वर पाहिलं. “लग्नबिग्न हाय का काय?” मला हिशोब करायला थोडा वेळ लागला, मान्य. बारा म्हणजे चाराचे तीन. पन्नास त्रिक दीडशे. दीडशेची मोड नव्हती, शंभर आणि पन्नासची नोट दिली. तिने दोन्ही नोटा कपाळाला लावल्या, मग काट्याला, मग जुड्यांना. मी बघत उभा राहिलो. जायचं लक्षण दिसेना म्हणून तिने विचारलं, “कोन रं तू? कुठं तरी बघितल्यावानी वाटतंय.”

बाजूला दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. पलीकडे कांदेवाला होता, त्याच्या पलीकडे आणखी चार-पाच म्हाताऱ्या. मी आजीचं नाव सांगितलं. आधी हळू निघालं. मग पुन्हा सांगितलं, मोठ्याने. म्हटलं, “इथे बसायची ना, सव्वीस वर्षं, तिचा नातू मी.”

पलीकडच्या एका म्हातारीने मान वर केली. “आगं, तो कानवेंटातला?” ती म्हणाली. “लई सांगायची तुझं. पार डोकं उठवायची आमचं.”

बारा जुड्या मेथी दोन पिशव्यांत घेऊन सिटी बसने कॉलेजला आलो आणि सरळ मेसच्या मावशींकडे नेऊन दिली. त्या म्हणाल्या, “आज मेनूत वांगं हाय.” मी म्हटलं, “मावशी, भवानीची आहे.” त्यांनी पिशवी घेतली, आणखी काही विचारलं नाही. इंग्लिशमध्ये ज्याला शब्द सापडला नव्हता, ते त्यांना एका शब्दात कळलं.

त्या रात्री मेसमध्ये वांग्याच्या जागी मेथी का होती, याचा खुलासा अनेकांनी मागितला होता. तो हा असा आहे. वांगं आवडणाऱ्यांनी माफ करावं.